ठेवत नाही, राहतं

जूनचा दुसरा आठवडा असेल. कलेक्टर ऑफिससमोर झेरॉक्सच्या दुकानांची जी ओळ आहे, तिच्यातल्या शेवटच्या दुकानात मी उभी होते. पाऊस नुकताच थांबला होता. ताडपत्रीच्या कडेवरून थेंब नेमके रांगेतल्या तिसऱ्या माणसाच्या मानेवर पडत होते, आणि तिसरा माणूस म्हणजे मीच. आत मशीनचा तो कोमट, जरासा जळका वास, लॅमिनेशनच्या प्लॅस्टिकचा वेगळा वास, शिवाय कोणाच्या तरी पिशवीतली मेथी. प्रवेशांचे दिवस असल्यामुळे पाय ठेवायला जागा नव्हती. दुकानातला मुलगा (मुलगा म्हणायचं, तसा पस्तिशी उलटलेला आहे) एका हाताने झेरॉक्स काढत, दुसऱ्या हाताने माउस फिरवत, कान आणि खांद्यात फोन धरून तिघांशी एकदम बोलत होता. "काका, ओटीपी आला का? सांगा. आता इंग्रजीतल्या नावाची पहिली चार अक्षरं. जन्मसाल?" काकांनी सगळं खणखणीत आवाजात सांगितलं. आधारची फाईल उघडायचा पासवर्ड म्हणजे हेच, नावाची चार अक्षरं आणि जन्मसाल, हे आता शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. काकांचं साल ऐकून रांगेतली एक बाई "वाटत नाही हो," असंही म्हणाली. काका खूश झाले.

माझा नंबर आला तेव्हा तो म्हणाला, "ताई, तुमचं आधार इथंच असेल, मागच्या वर्षी काढलं होतं ना." आणि त्याने 'डाउनलोड्स' उघडलं. माउसचं चाक फिरायला लागलं आणि स्क्रीनवरून गावच वाहायला लागलं. फायलींना नावं त्यानेच दिलेली, पटकन सापडाव्यात म्हणून. अक्षरं इंग्रजी, भाषा आपली. 'पाटील काका शेत'. 'नर्स ताई जात दाखला'. 'बोरसे सर पासबुक'. 'आजी अंगठा उठत नाही'. मध्येच माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचं नाव, पुढे 'घटस्फोट पेपर'. ते मी वाचायला नको होतं, पण डोळे काही विचारून वाचत नाहीत. आणि मग एक फाईल सरकत वर आली, 'पोस्टवाली आजी हयात'. ती माझी आई. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याच्या भानगडीत मीच तिला रिक्षातून इथं आणलं होतं. सात महिने झाले, आई या खुराड्यात, मेथी आणि टोनरच्या वासात, कोणालाही दिसेल अशी बसून होती.

"हे सगळं तुम्ही असंच ठेवता?" मी विचारलं.

"ठेवत नाही ताई, राहतं," तो म्हणाला. "एवढ्या गर्दीत कोण डिलीट करत बसणार? आणि लोकंच परत येतात, त्याचीच अजून एक प्रिंट द्या म्हणतात." मी म्हटलं, पण हे कोणाच्या हाती पडलं तर? इथे त्याचा हात थांबला. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "म्हणजे तुम्ही लोकांची नावं वाचत होत्या का?" रांगेतल्या माणसांनी माझ्याकडे बघितलं. मेथीवालीने पिशवी दुसऱ्या हातात घेतली, निदान मला तसं वाटलं. मी पैसे दिले, प्रिंट घेतली आणि बाहेर पडले.

मी वाचत होते, हे खरंच होतं.

तो प्रश्न पुढे आठवडाभर माझ्या मागे लागला. राग यायला हवा होता, आला नाही. लाजच वाटत राहिली, आणि ती कशाची हे कळत नव्हतं. दार सताड उघडं आहे हे सांगायला गेले, तर तू दारात काय करत होतीस, असं विचारलं गेलं. बरं, उत्तर तरी काय देणार? आत डोकावल्याशिवाय दार उघडं आहे हे कळतं का कोणाला?

तेव्हा मला पत्रकार रचना खैरा आठवल्या. २०१८च्या जानेवारीत, ४ तारखेला, चंदीगडच्या 'द ट्रिब्यून'मध्ये त्यांची बातमी आली. व्हॉट्सअ‍ॅपवर एक दलाल भेटला, पेटीएमवरून त्याला ५०० रुपये पाठवले, आणि दहा मिनिटांत एका पोर्टलचं लॉगिन आणि पासवर्ड हातात आला. तिथे कोणाचाही आधार क्रमांक टाकला की नाव, पत्ता, पिनकोड, फोटो, फोन नंबर, ईमेल सगळं समोर. आणखी ३०० रुपये दिले तर कार्ड छापून काढायचं सॉफ्टवेअरही. तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये यावर चर्चा झाल्याचं आठवतं. चर्चा म्हणजे काय, चहा. एक सर म्हणाले, पाचशेत? लय स्वस्त आहोत आपण. सगळे हसले आणि तासाची घंटा झाली.

बातमी छापण्याआधी खैरांनी आधार प्राधिकरणाच्या, म्हणजे आधार चालवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, चंदीगडच्या प्रादेशिक कार्यालयातल्या अधिकाऱ्यांना विचारलं होतं. ते हादरले होते. आम्हा एकदोघांखेरीज पंजाबात कोणाकडेही हे लॉगिन असायला नको, असं असेल तर राष्ट्रीय सुरक्षेचा मोठाच प्रश्न आहे, या अर्थाचं त्यांचं म्हणणं त्याच बातमीत आहे. दिल्लीहून मात्र खुलासा आला की कुठेही काही फुटलेलं नाही, तक्रार निवारणासाठी दिलेल्या सुविधेचा गैरवापर झालेला असू शकतो, बोटांचे ठसे सुरक्षित आहेत. आणि तीन दिवसांत कळलं की आधार प्राधिकरणाने दिल्ली पोलिसांकडे फिर्याद दिली आहे आणि तिच्यात दलालांच्या बरोबरीने बातमीदाराचं आणि वर्तमानपत्राचंही नाव आहे. कलमं तोतयेगिरीची, फसवणुकीची, बनावट कागदपत्रांची. देशभरातून ओरड झाली, एडिटर्स गिल्ड या संपादकांच्या संघटनेने निषेध केला, मग मंत्र्यांनी सांगितलं की फिर्याद अज्ञातांविरुद्ध आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, असं मीही तेव्हा म्हटलं असेन. खैरा स्वतः मात्र म्हणाल्या होत्या की ही एफआयआर मी कमावली आहे. माझ्याकडून झेरॉक्सच्या दुकानात एक वाक्यसुद्धा निघालं नव्हतं.

आणि गंमत बघा. ती फिर्याद झाली, त्याच आठवड्यात, १० जानेवारीला, प्राधिकरणाने जाहीर केलं की आता खऱ्या आधार क्रमांकाऐवजी देता येईल असा एक तात्पुरता, बदलता येणारा क्रमांक मिळेल. व्हर्च्युअल आयडी. काही फुटलेलंच नव्हतं, तर ही डागडुजी कशाची?

त्या बातमीतला एक भाग मात्र तेव्हा मी भराभर वाचून पुढे गेले होते. या सगळ्याच्या मुळाशी गावोगावच्या सेवा केंद्रांचे चालक असावेत, असं त्यात म्हटलं होतं. तीन लाखांवर माणसं. आधी त्यांच्याकडे आधार काढायचं काम होतं, मग ते काढून घेतलं आणि पोस्ट व ठरावीक बँकांपुरतं ठेवलं. मशीन घेऊन बसलेली माणसं एका फटक्यात रिकामी झाली. आमच्या दुकानातला मुलगा त्यांतलाच. २०१२-१३च्या सुमारास आमच्या शाळेच्या वर्गात त्याने महिनाभर मशीन लावलं होतं. मागे पांढरी चादर, समोर डोळ्यांचा कॅमेरा, आणि "आजी, बोट दाबा, अजून दाबा" हा त्याचा आवाज व्हरांड्यात घुमायचा. माझेही दहा ठसे त्यानेच घेतले. काम गेलं, कर्ज राहिलं, म्हणून मग झेरॉक्स. त्याने कधी कोणाचं काही विकलं असेल असं मला वाटत नाही. पण ज्या कोणी ते पाचशेला विकलं, तो काही शिंगं असलेला राक्षस नसणार. असाच कोणीतरी, फोन खांद्यात धरून बोलणारा.

माझे वडील, आमचे दादा, पोस्टात होते. सब पोस्टमास्तर. शहादा, प्रकाशा, दोंडाईचा, पुन्हा शहादा अशा बदल्या. नंदुरबार तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, सगळं धुळ्यातच. पोस्टाच्या मागेच क्वार्टर, त्यामुळे घराला कायम डिंकाचा आणि लाखेचा वास. संध्याकाळी टपालाची थैली बांधताना मेणबत्तीवर लाख वितळायची, सुतळीच्या गाठीवर तिचा लाल ठिपका पडायचा आणि दादा त्यावर पितळी शिक्का दाबायचे. तो क्षण मला फार आवडायचा. एक बारीक 'च्स' असा आवाज, आणि मग ती थैली कोणाची नसायची. पोस्टकार्डं लावताना दादांची शिस्त होती, पत्त्याची बाजू वर. मजकुराची बाजू दिसली की ते कार्ड उलटं करायचे, एखाद्याचा पदर सरकला तर आपण नजर वळवतो तसं. मी एकदा एक कार्ड वाचलं. कुणाच्यातरी सुनेला माहेरी पाठवल्याचं होतं. जेवताना सांगायला गेले तर दादांनी ताटावरून उठायची धमकी दिली.

आता हे सगळं लिहिताना जुना काळ सोन्याचा वाटायला लागतो, म्हणून लगेच सांगून टाकते की तो तसा नव्हता. गावात कोणाची मनिऑर्डर किती रुपयांची हे सगळ्यांना ठाऊक असायचं. अंगठा उठवून पैसे घेणाऱ्याला साक्षीदार लागायचा, आणि साक्षीदार म्हणजे पारावर बसलेला कोणीही. तो पैसे मोजले जाताना बघायचा आणि संध्याकाळपर्यंत गाव उसने मागायला दारात. लिहितावाचता न येणाऱ्या बायकांना दादाच पत्रं वाचून दाखवायचे, तेव्हा खिडकीला चार माणसं लागलेली असायची. गुपित असं फार कमी होतं. पण आपलं काय काय कोणाला माहीत आहे, हे आपल्याला माहीत असायचं. त्या माणसाचं घर माहीत असायचं. भांडायला जाता यायचं. आज माझ्या दहा बोटांचं, घरच्या पत्त्याचं, आईच्या पेन्शनचं कोणाला काय माहीत आहे, ते मी कोणाच्या दारात जाऊन विचारू?

आणि त्याच शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१०ला, देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. पंतप्रधान आले होते, सोनिया गांधी आल्या होत्या. दादा तेव्हा होते. टीव्हीवर मांडव बघून म्हणाले, "आपल्या बीटातलं गाव." एवढ्यावरच त्यांना कोण अभिमान वाटला होता. बारा आकडे दाखवले की माणूस माणूस ठरणार, साक्षीदार शोधायला नको, ही कल्पना त्या पोस्टमास्तरला भारी वाटली होती, आणि खरं सांगायचं तर मलाही.

खैरांच्या आधी आठ महिने, २०१७च्या मेमध्ये, बंगळुरूच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीचा एक अहवाल आला होता. अंबर सिन्हा आणि श्रीनिवास कोडाली या दोघांचा. चार सरकारी पोर्टलं त्यांनी पाहिली. निराधारांच्या पेन्शनचं एक, रोजगार हमीचं एक, आणि आंध्रातली दोन. तेरा कोटींच्या आसपास आधार क्रमांक आणि दहा कोटींच्या आसपास बँक खाती तिथे उघड्यावर पडली होती, असा त्यांचा अंदाज. यातली लबाडी कुठे होती म्हणाल तर कुठेच नव्हती. पारदर्शकता म्हणून याद्या लावल्या होत्या, कोणाला किती पैसे मिळाले हे लोकांना कळावं म्हणून. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावतो तशा. फक्त भिंत गावाच्या चावडीवर नव्हती. मला त्यातला एक तपशील वाचून हसावं की रडावं कळेना. पेन्शनच्या पोर्टलवर आकडे झाकलेले होते, पण वर ब्राउझरच्या पट्टीत जो लांबलचक पत्ता असतो, त्यात 'नोलॉगिन' असा एक शब्द होता. तो खोडून नुसतं 'लॉगिन' लिहिलं की झाकण उडायचं. पासवर्ड नाही, काही नाही. म्हणजे दाराला कुलूप नव्हतं, 'कुलूप आहे' अशी चिठ्ठी होती.

यावर प्राधिकरणाने संस्थेलाच पत्र पाठवलं. हे तुम्हाला मिळालं कसं, हॅक केल्याशिवाय मिळणं शक्य नाही, कोणी केलं ते सांगा. 'गळती' हा शब्द वापरायचा की नाही, यावरही वाद झाला. एका अर्थी गळती नव्हतीच ती, कौलातून पाणी गळलं तर गळती म्हणायची, इथे कौलंच घातली नव्हती. मला राहून राहून त्या दोघांची संध्याकाळ डोळ्यांसमोर येते. दोन माणसं, दोन लॅपटॉप, याद्यांवर याद्या, आणि त्या याद्यांमध्ये लाखो 'पोस्टवाल्या आज्या'. आपण बघतोय ते बघायला नको, आणि बघितल्याशिवाय दुसऱ्याला पटवता येणार नाही. एवढं बघून झाल्यावर मोजायचं, लिहायचं, नावं झाकायची, आणि मग पोस्टमनची वाट बघायची, नोटीस घेऊन येणाऱ्या.

दरवर्षी सहावीच्या वर्गात मी हिरकणीची गोष्ट सांगते. अभ्यासक्रमात असो नसो, सांगते. कोजागिरीला रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, दरवाजे बंद झाले, खाली घरी तान्हं बाळ. दरवाजे उघडेनात म्हणून ती जिथून कोणी उतरूच शकत नाही अशा कड्यावरून अंधारात उतरून गेली. महाराजांनी बोलावून घेतलं, साडीचोळी देऊन गौरव केला, आणि तो कडा आहे हे कळल्यावर तिथे बुरूज बांधला. मी या गोष्टीत नेहमी आईच्या मायेवर थांबायचे. मागे एका वर्षी शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, "बाई, तिला पकडलं का नाही? गडाचा चोरमार्ग तिला माहीत झाला होता ना?" मी म्हटलं, तिने लपवलं नाही म्हणून. तो म्हणाला, "मग तिने सांगितलं कशाला? गप बसायचं ना." वर्ग हसला. मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुधा 'खाली बस' हेच असणार. पण त्या पोराने गोष्टीचा बुरूज नेमका हेरला होता. सांगणारीला साडीचोळी मिळेल की बेड्या, यावर पुढची गवळण तोंड उघडेल की नाही ते ठरतं, आणि ती गप बसली तर कडा तसाच राहतो.

२०१८च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयात अॅटर्नी जनरल वेणुगोपाल यांनी सांगितलं होतं की आधारचा साठा तेरा फूट उंच आणि पाच फूट जाड भिंतींच्या आड सुरक्षित आहे. त्या भिंतींची लोकांनी फार टिंगल केली. मला तेव्हा देवगिरी आठवली. कसला किल्ला! कातळ तासलेला, खंदक, अंधारी वाट, आणि वेढा पडल्यावर कोठारात धान्य म्हणून ठेवलेल्या गोण्यांत मीठ निघालं म्हणे. भिंतीला कोणी हातही लावला नव्हता.

तरी एक गोष्ट कबूल करायला हवी. त्या मुख्य साठ्यातून लोकांचे ठसे बाहेर पडले, असं खैरांच्या बातमीतही नव्हतं आणि कोडालींच्या अहवालातही नव्हतं. ही सगळी पडझड भिंतीच्या बाहेरची, ओसरीवरची. त्याच वर्षी सप्टेंबरात 'हफपोस्ट इंडिया'ने छापलं (तीन बातमीदारांत खैरा होत्याच) की नोंदणीच्या सॉफ्टवेअरमधली सुरक्षा चुकवणारं एक ठिगळ, म्हणजे पॅच, अडीच हजारांत मिळतं. प्राधिकरणाने तेही नाकारलं. आणि त्याआधी जुलैच्या शेवटी ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेचे तेव्हाचे अध्यक्ष आर. एस. शर्मा यांनी आपला आधार क्रमांक ट्विटरवर टाकून आव्हान दिलं, करा माझं काय वाकडं करायचंय ते. काही तासांत लोकांनी त्यांचा मोबाईल, पॅन, जन्मतारीख, पत्ता शोधून मांडला, कोणी खात्यात एक रुपया जमा करून दाखवला. रॉबेर बातिस्त नावाचा एक फ्रेंच संशोधक त्यात पुढे होता. शर्मा म्हणाले, यात नुकसान काय झालं? मला तो सगळा प्रकार, दोन्ही बाजूंनी, आखाड्यातला वाटला. जिंकल्याच्या आरोळ्या. मोठ्या पदावरच्या माणसाचं कदाचित खरंच काही वाकडं होत नाही. ज्यांचं होतं त्यांना ट्विटर नसतं. तीनच दिवसांनी प्राधिकरणाने लोकांना सांगितलं की बाबांनो, आपले क्रमांक असे जाहीर करू नका.

आणि आईचं काय? आईची बोटं भांडी घासून, भाकऱ्या थापून इतकी गुळगुळीत झाली आहेत की मशीनला तिथे कोणी माणूस सापडतच नाही. नोव्हेंबरात आम्ही बँकेत गेलो, दोनदा नाही उठला. मग झेरॉक्सच्या दुकानात. आमच्या पुढची म्हातारी हात वर करून म्हणत होती, "मना अंगठा लागत नही रे भाऊ," आणि हा मुलगा तिच्या बोटांना स्वतःच्या खिशातल्या रुमालाने पुसून, थोडं तेल लावून, पाचव्यांदा, सहाव्यांदा दाबत होता. आईचं चेहऱ्यावर झालं. मोबाईल समोर धरला, डोळे मिचकावायला सांगितलं, आणि दादांच्या पश्चात ती अजून जिवंत आहे हे सरकारला पटलं. तिला ते फार गमतीचं वाटलं. दादांच्या काळात त्यासाठी साहेबासमोर जाऊन उभं राहावं लागायचं.

मी घरी आल्यावर आईला दुकानातली हकिकत सांगितली. वाटलं, घाबरेल. ती म्हणाली, "काय नाव दिलंय म्हणालीस?" पोस्टवाली आजी. "अगंबाई," म्हणाली, आणि दिवसभर तेवढंच धरून बसली. दादा जाऊन इतकी वर्षं झाली, बाजारात कोणी आता तिला त्या नावाने हाक मारत नाही. आणि फाईल? "राहू दे की त्याच्याकडे. तुझ्याकडे दिलेलं कधी वेळेवर सापडलंय का?"

रात्री झोप येईना म्हणून जुन्या बातम्या चाळत बसले, तेव्हा २०२२च्या मे महिन्यातली ती दोन दिवसांची सूचना पुन्हा वाचली. प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने २७ तारखेला काढलेली. आधारची झेरॉक्स कोणालाही देऊ नका, गैरवापर होऊ शकतो, शेवटचे चारच आकडे दिसतील अशी प्रत द्या. आणि पुढे, सायबर कॅफेतल्या संगणकावर आधार डाउनलोड करणं टाळा, केलंच तर तिथल्या सगळ्या प्रती कायमच्या पुसून टाका. जणू आमच्याच दुकानात बसून लिहिलं होतं. देशभर गोंधळ उडाला. हॉटेलात, सिमकार्डाला, शाळेत, स्मशानातसुद्धा दिलेल्या झेरॉक्स लोकांना एकदम आठवल्या. २९ तारखेला दिल्लीने ती सूचना मागे घेतली. गैरसमज होऊ शकतो म्हणून. त्याऐवजी लोकांनी नेहमीचं तारतम्य बाळगावं, असं सांगितलं. खरं बोललेली सूचना दोन दिवस जगली. तारतम्य मात्र कुठून डाउनलोड करायचं ते कोणी सांगितलं नाही.

आता तर डेटा संरक्षणाचा कायदा झाला आहे, २०२३चा. त्याच्या आधीच्या मसुद्यांमध्ये पत्रकारितेच्या कामासाठी सवलत होती, ती शेवटच्या कायद्यात उरली नाही. म्हणजे उद्या कोणी बातमीदार अशी यादी हातात घेऊन उभा राहिला, तर यादी उघड्यावर टाकणाऱ्याच्या आधी तोच 'इतरांची माहिती बाळगणारा' ठरेल की काय, अशी धास्ती पत्रकारांच्या संघटनांना वाटते. मी वकील नाही. पण झेरॉक्सच्या रांगेत उभी राहिलेली आहे, त्यामुळे ही धास्ती मला अगदी कोरडी वाटत नाही.

परवा पुन्हा जायची वेळ आली. खरं तर शेजारच्या दुकानात जाऊ शकले असते. पाय तिकडेच वळले. दुकानात बदल झाला होता. काउंटरवर लॅमिनेशन केलेली पाटी: 'आपली फाईल आपण डिलीट करून घ्यावी. नंतर तक्रार चालणार नाही.' आणि संगणकाचा स्क्रीन त्याने भिंतीकडे वळवून घेतला होता. आता आमच्याकडे फक्त त्याची काळी पाठ, तिच्यावर धूळ आणि एका देवाचं स्टिकर. त्याने मला बघितलं, जरा अवघडला, मग हसला. "तुमच्यामुळे केलं ताई. आता कोणालाच काही दिसत नाही."

"आणि फायली?"

"तुमची केली डिलीट. त्याच दिवशी." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आजींची नाही केली. त्यांनीच फोन केला होता, राहू दे म्हणाल्या. आणि म्हणाल्या, नाव बदलू नको."

मी काय बोलणार? रांगेत मागे बरीच माणसं होती. पंखा फिरत होता, मशीनच्या काचेखालून हिरवा उजेड इकडून तिकडे जात होता. माझी फाईल पुसलेली असल्यामुळे आधार पुन्हा डाउनलोड करावं लागलं. ओटीपी आला, तो मी मोबाईल पुढे करून दाखवला. मग काउंटरवर वाकून, त्याच्या कानाशी जाऊन, नावाची चार अक्षरं आणि जन्मसाल हळूच सांगितलं. नेमकी तेवढ्यात मशीनने प्रिंट ओढायला सुरुवात केली.

"काय?" तो ओरडला. "एकोणीसशे किती?"